अक्काचा ऑपेरा आणि माझी पहिली नोटीस

मी पत्रे लिहितो. यशवंतपूरच्या एका कारखान्यात कायदा अधिकारी होतो तेव्हा ते माझे काम होते. निवृत्तीनंतर त्याच कामाला घरचे लोक खोड म्हणू लागले. येलहंक्यातील आमच्या रस्त्यावरचा उघडा ट्रान्सफॉर्मर, बसथांब्याचे उडालेले छप्पर, औषधाच्या पाकिटावरची न वाचता येणारी तारीख, या सर्वांविषयी माझी पत्रे आहेत. प्रत्येक पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्यापाशी ठेवायची प्रत, माझ्या कपाटात क्रमाने लावलेली आहे. मी चुकीचे पत्र लिहिले असे सिद्ध करणारा माणूस अजून भेटायचा आहे, असे मी पुष्कळदा बोलून दाखवत असे. ते वाक्य मी आता वापरत नाही. का वापरत नाही, ते येथे नोंदवायचे आहे.

आमच्या घराच्या तळमजल्यावर माझी थोरली बहीण राहते, वरच्या मजल्यावर मी. ती एकोणऐंशी वर्षांची, मी शहात्तरचा. आम्ही मूळचे बेळगावकडचे. अप्पा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून आले आणि आम्ही बंगळूरचे झालो. मी तिला अक्का म्हणतो. ती मला अजूनही तम्मा म्हणते, आजूबाजूच्या कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसे.

अक्का तरुण असताना छावणी भागातील एका लहानशा संगीतमंडळाने एक इंग्रजी ऑपेरा बसवायला घेतला होता. ऑपेरा म्हणजे सबंध गाऊन सादर करायचे नाटक. अप्पा त्याला सरळ संगीत नाटकच म्हणत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो ऑपेरा गाजला, पुढे त्याचा संगीतकार विस्मृतीत गेला आणि त्याच्याबरोबर ऑपेराही. अक्का ज्या शाळेत शिकली तेथील वृद्ध संगीतशिक्षिकेकडे त्याचे स्वरलेखनाचे पुस्तक होते. तिने अक्काला नायिकेच्या भूमिकेसाठी निवडले. पाच महिने तालमी झाल्या. प्रयोग मात्र झाला नाही.

त्यानंतरच्या पंचावन्न वर्षांत, कोठेही गाण्याचा विषय निघाला की अक्का एकच वाक्य बोलत असे: "मी ऑपेरात नायिका होणार होते." ते कोणी खरे मानत नसे. तिचे यजमान हसत, मुलगा हसे, पुढे सून हसू लागली. हळूहळू आमच्या घरात 'अक्काचा ऑपेरा' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. कोणी काश्मीरला जाण्याचे बेत सांगू लागला किंवा पहाटे उठून चालायला जाण्याची प्रतिज्ञा करू लागला की दुसरा म्हणे, "हं, अक्काचा ऑपेरा." अक्कादेखील हसत असे. त्या हसण्यात मीही सामील होतो. ती गोष्ट खरी असल्याचे ठाऊक असलेला घरातला दुसरा माणूस मी होतो आणि मी हसत होतो.

गेल्या वर्षी अक्काची नात पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आली. ती महादेवपुऱ्यात राहते आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे येते. आजीच्या ऑपेराचे नाव तिने एकदा सहज संगणकावर शोधले, तर त्याचे संपूर्ण नवे ध्वनिमुद्रण इंग्लंडमध्ये नुकतेच प्रसिद्ध झाल्याचे तिला कळले. तिने तो संच मागवला आणि एका रविवारी सकाळी घेऊन आली. तीन तबकड्या, आणि सोबत जाड पुस्तिका.

आम्ही तिघे तळमजल्यावरच्या खोलीत बसलो. अक्काने साडी बदलली होती, हे मला तेव्हा जाणवले नाही, नंतर आठवले. कथा साधी आहे. नदीकाठच्या जमीनदाराची मुलगी एका नावाड्यावर प्रेम करते. घरच्यांनी ठरवलेले लग्न टाळण्यासाठी ती पुरुषवेश घालून त्याच्या नावेत बसते, आणि दुसऱ्या अंकात त्या नावेत दोघांचे दीर्घ युगुलगीत आहे. ते सुरू झाले तेव्हा अक्काचे ओठ हलू लागले. नायिकेच्या आधी अर्धा क्षण तिला शब्द सुचत होता. तेवढ्यात हवाईदलाच्या तळावरून एक विमान उठले आणि खोलीतले सर्व संगीत त्याच्या आवाजात बुडाले. अक्का थांबली नाही. डोळे मिटून ती ओठ हलवत राहिली. विमान लांब गेले, गाणे पुन्हा ऐकू येऊ लागले, तेव्हा अक्का आणि ती इंग्लंडमधली गायिका एकाच शब्दावर होत्या.

"आजी, तुला लिटरली सगळं येतं," नात म्हणाली.

"मग? पंचावन्न वर्षं थापा मारत होते की काय?"

नातीला लाज वाटली असावी. तिने विषय बदलण्यासाठी पुस्तिका उघडली आणि प्रयोगांचा इतिहास आमच्यासाठी मराठीत सांगू लागली. लंडन, मग दोन-तीन गावे, मग शांतता. शेवटी एक वाक्य होते: इंग्लंडबाहेर हा ऑपेरा रंगभूमीवर आला नाही, व तसा प्रयत्न झाल्याचेही आढळत नाही. अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "सरी. मग नसेलच झाला."

त्या 'सरी'ने, कानडीतल्या त्या 'बरं'ने, माझे डोके फिरले. त्याच दुपारी मी ध्वनिमुद्रणाच्या आणि पुस्तिकेच्या संपादिकेला तीन पानी पत्र लिहिले. तिने जुनी हस्तलिखिते जुळवून स्वरलेखन सिद्ध केले होते, म्हणून तिच्या परिश्रमांचे एका ओळीत कौतुक केले आणि उरलेल्या पानांवर तिच्या निष्काळजीपणाची झडती घेतली. बंगळूर हे शहर नकाशावर आहे, तेथे संगीतमंडळ होते, तालमी झाल्या आणि नायिका हयात आहे. तरी पंधरा दिवसांत दुरुस्ती प्रसिद्ध करावी. नातीने ते ईमेलने पाठवले. "मामाआजोबा, थोडं पोलाइट नाही का करता येणार?" असे तिने विचारले होते. सत्याला नम्रतेची गरज नसते, असे काहीसे मी उत्तर दिले. ते आठवले की आजही मान खाली जाते.

उत्तर चार दिवसांत आले आणि ते अतिशय सभ्य होते. माहिती वाचून आपल्याला आनंद झाला, असे संपादिकेने लिहिले होते. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती महिनाअखेर छापायला जाणार होती आणि बंगळूरचा व अक्काचा उल्लेख करायला ती उत्सुक होती. मात्र त्या काळातला एखादा तरी कागद हवा: निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्राचे कात्रण, पत्र, काहीही. पुराव्याशिवाय आपण ओळ छापू शकत नाही, याबद्दल तिने क्षमा मागितली होती. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच लिहिले असते, फक्त क्षमा मागितली नसती.

नात कामाला लागली. संगीतशिक्षिका केव्हाच वारली होती, मंडळ विसर्जित झाले होते, तालमींच्या सभागृहाच्या जागी दुकाने उभी होती. अक्काने आपली ट्रंक दोनदा उपसली. पत्रिका छापायची वेळच आली नव्हती आणि स्वरलेखनाचे पुस्तक तिने परत दिले होते. शेवटी नात मला म्हणाली, "तुमच्याकडे तर सगळ्याचे पेपर्स असतात." त्या काळातले काही नाही, असे मी सांगितले.

ते खोटे होते. माझ्या कपाटातल्या पहिल्या फाइलीतला पहिला कागद त्याच काळातला होता. आयुष्यात मी लिहिलेली पहिली नोटीस.

तेव्हा मी विधी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. ऑपेरातला नावाडी म्हणजे रेल्वेत नोकरी करणारा एक ख्रिस्ती तरुण, आवाजाचा धनी आणि वागण्याने अत्यंत सभ्य. माझ्या वर्गातल्या एकाने कोठून तरी तालीम पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर मला विचारले, "काय रे, तुझे मेहुणे रेल्वेत आहेत म्हणे? पास मिळेल का?" वर्ग हसला. मी त्या संध्याकाळी टंकलेखनाच्या संस्थेत गेलो आणि मंडळाच्या चिटणीसांना नोटीस टंकली. मला सनद नव्हती, अशील नव्हता. तरीही पहिल्याच वाक्यात मी लिहिले की माझे अशील, म्हणजे सदर तरुणीचे वडील, यांच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते. पुढे कलमे घातली. एक, तरुणीस पुरुषवेश देण्यात येत आहे. दोन, परपुरुषाने तिचा हात धरण्याचा प्रसंग योजलेला आहे. तीन, प्रयोग रद्द न केल्यास होणाऱ्या परिणामांस मंडळ जबाबदार राहील.

अप्पांनी मला कसलीही सूचना दिलेली नव्हती. अप्पा रोज संध्याकाळी कामावरून आले की पेटी घेऊन बसत आणि अक्काच्या इंग्रजी गाण्याचे सूर एकेक करून शोधत. "हे आपल्या भीमपलासाच्या शेजारचं आहे, पण घरात येत नाही," असे म्हणून हसत. मी शेजारच्या खोलीत करारकायदा पाठ करत असे. माझ्या अभ्यासाची चौकशी त्यांनी कधी त्या उत्साहाने केली नाही. नीतीचा प्रश्न मी नोटिशीत मांडला. हा प्रश्न मांडला नाही.

नोटीस गेल्यावर दहा-बारा दिवसांत ऑपेरा बंद पडला. अक्का घरी येऊन म्हणाली की प्रयोग रद्द झाला, आणि आत गेली. अप्पांनी प्रयोगाच्या दिवसासाठी रजा काढून ठेवली होती. त्यांनी कारण विचारले नाही आणि पेटीवर खोळ चढवली. त्या रात्रीच्या जेवणाला मी होतो, आणि मला भीतीबरोबर थोडा अभिमानही वाटत होता, कारण माझी नोटीस चालली होती. म्हणूनच मी स्थळप्रत जपली. मंडळाला माणसे कमी पडली असतील, ते कधी ना कधी बंद पडणारच होते, हे मी पुढे स्वतःला पटवले.

संपादिकेला हवा होता तसा पुरावा त्या कागदात होता, आणि तो निर्दोष होता. नोटिशीत तपशील पूर्ण हवेत, हे मी तेव्हाही जाणत होतो. ऑपेराचे नाव, मंडळाचे नाव, सभागृह, प्रयोगाचा दिवस, नायिका कोण, सर्व त्यात होते. अक्का खरे बोलत होती हे सांगणारा जगातला एकमेव कागद मी तिच्याविरुद्ध लिहिलेला होता.

नऊ दिवस मी तो दडवून ठेवला. त्यांतल्या सहाव्या दिवशी मी तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कलमांवर आणि सहीवर कोरा कागद ठेवला आणि फक्त पहिल्या परिच्छेदाची प्रत काढली. लोकांनी असे केले तर मी त्यांना न्यायालयात खेचले असते. घरी येऊन ती प्रत वाचली आणि माझ्या लक्षात आले की ती चालणार नाही. ऑपेराचे नाव आणि अप्पांची सूचना एकाच वाक्यात होती. ते वाक्य मी अशा पक्केपणाने बांधले होते की एक काढून दुसरे ठेवता येत नव्हते. ती प्रत पाठवली असती तर अक्काचे नाव छापले गेले असते आणि तिच्या शेजारी, तिला अडवणारा म्हणून, अप्पांचे.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो. अक्का घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मी न विचारता ती म्हणाली की नातीला सांग, शोधाशोध बंद कर.

"का? महिना संपायला वेळ आहे," मी म्हणालो.

"पुरावा मिळाला तरी लिहिणार काय ते? बापाने नको म्हटलं म्हणून बंद पडला, असं? त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली. आता इंग्लंडात कशाला छापायचं?"

मग तिने मला पंचावन्न वर्षांत प्रथमच सांगितले. शिक्षिकेने तिला एका बाजूला घेऊन म्हटले होते की तुझ्या वडिलांची इच्छा नाही, त्यांचे पत्र आले आहे. घरी विषय काढू नकोस, त्यांना अवघडल्यासारखे होईल. अक्काला ते खरे वाटले. बेळगावच्या नातेवाइकांच्या कानावर लग्नाआधी फार जायला नको, असे अप्पा एकदा हसत बोलले होते. ते तिला आठवले. तोंडावर पेटी वाजवायची आणि मागून पत्र लिहायचे, याचा तिला असा राग आला की तिने विषय काढला नाही. अप्पांना वाटले, मुलीचेच मन उडाले. त्यांनीही काढला नाही. अप्पा त्यानंतर एकोणीस वर्षे जगले.

मी वर गेलो. पहिली फाइल काढली. जिना उतरताना तीन-चार वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही बोलता आले नाही. कागद तिच्या हातात दिला. तिने शेंगांचे ताट बाजूला सारले, चष्मा लावला आणि नोटीस पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत वाचली. मग पुन्हा वर जाऊन मधला भाग वाचला.

"हात धरण्याचं दोन नंबरला का घातलंस?" तिने विचारले. "राग तर त्याचाच होता तुला. ते आधी घालायचं."

माफी मागावी असे वाटत होते, परंतु आयुष्यभर इतरांकडून लेखी माफी मागवण्याचीच सवय. ती स्वतः कशी मागतात हे मला येत नव्हते. अक्का कागदाकडे पाहत होती.

"म्हणजे अप्पा नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं."

तिने अप्पांच्या शेवटच्या आजारपणातली एक दुपार सांगितली. रुग्णालयात ते तिला म्हणाले होते की ते नावेतले इंग्रजी गाणे एकदा म्हण. तिने उत्तर दिले होते की विसरले.

"येत होतं मला," अक्का म्हणाली. "सगळं येत होतं. मुद्दाम नाही म्हटलं."

त्या दुपारी मीही त्याच खोलीत होतो. खिडकीपाशी बसून रुग्णालयाच्या अधीक्षकांना न बदललेल्या चादरीविषयी तक्रार लिहीत होतो. अप्पांनी काहीतरी मागितले आणि अक्का नाही म्हणाली, इतके मला ऐकू आले होते. त्या पत्राचीही स्थळप्रत माझ्याकडे आहे.

तू चूक कबूल केलीस हे मोठेपण, असे काही अक्का म्हणाली नाही. म्हणाली असती तर ते मला सहन झाले नसते. तिने फक्त विचारले की हा कागद पाठवला तर चालेल ना त्या बाईला. मी म्हणालो, चालेल. याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण. "मग पाठव. पण सोबत पत्र जाईल, आणि ते मी सांगेन तसं."

मी वरून कागद-पेन आणले. सवयीने स्वतःच सुरुवात केली आणि मोठ्याने वाचून दाखवले: कौटुंबिक आक्षेपामुळे प्रयोग होऊ शकला नाही.

"कुटुंबाने नाही, तू. स्वल्प थांब, खोड ते. आणि अप्पांची परवानगी होती, हे पहिल्या ओळीत घाल. ते रोज पेटीवर साथ करायचे, हेही घाल."

"पेटी म्हणजे काय, ते त्या बाईला कळायचं नाही."

"तुला काय करायचंय? घाल."

मी घातले. चार ओळींचे पत्र झाले. माझ्या सर्व पत्रांतले ते सर्वांत लहान असावे. खाली सही कोणाची, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोघांची. माझी वर." दुसऱ्या दिवशी नात आली, तिने दोन्ही कागदांची छायाचित्रे घेतली. नोटीस वाचताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग तिच्या नेहमीच्या बडबडीशिवाय काम संपवले. त्यानंतरचे तीन रविवार ती आली, पण जिना चढून वर आली नाही. मी तिला बोलावलेही नाही.

दुसरी आवृत्ती आली आहे. त्या जुन्या वाक्याच्या जागी आता तीन वाक्ये आहेत. बंगळूरमध्ये या ऑपेराच्या पाच महिने तालमी झाल्या. नायिकेचे वडील घरी पेटीवर साथ करत. नायिकेच्या भावाने वडिलांच्या नावाने, त्यांच्या नकळत, पाठवलेल्या पत्रामुळे प्रयोग रद्द झाला. मी ती वाक्ये दुरुस्तीच्या नजरेने वाचली. दुरुस्त करण्यासारखे त्यांत काही नव्हते. स्थळप्रत मी फाइलीतून काढून अक्काला दिली. ती तिने पुस्तिकेतच घडी घालून ठेवली आहे.

पुस्तिका समोरच्या खोलीत पाण्याच्या तांब्याशेजारी असते. कोणी आले, मग ते शेजारी असोत, बेळगावचे नातेवाईक असोत की सिलिंडर जोडायला आलेला अण्णा, अक्का त्यांना ते पान उघडून देते आणि वाचता येत नसेल तर बोट ठेवून सांगते. 'अक्काचा ऑपेरा' हा शब्दप्रयोग घरातून गेला आहे; परवा सून फोनवर सवयीने म्हणाली आणि मध्येच थांबली. दुपारी खालून दुसऱ्या अंकाचे सूर येतात. अक्काने मला अजून ऐकायला बोलावलेले नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकतो. तेथे बसल्यामुळेच पाहुण्यांचे बोलणेही कानावर येते. तिसऱ्या वाक्यापाशी आले की बहुतेकजण तोच प्रश्न विचारतात, की हा भाऊ कोण, आता कुठे असतो.

"वर राहतो," अक्का सांगते. "चहा घ्या, मग भेटा."